भुशातला विस्तव

बोम्मसंद्रा मेट्रो स्थानकाचा जिना उतरा आणि होसूर रस्त्याच्या कडेला उभे राहा. आर. व्ही. रोडपासून निघालेली १९ किलोमीटरची पिवळी मार्गिका इथे संपते. समोर औद्योगिक वसाहत आहे, औषधांच्या कंपन्या आहेत, रात्रपाळीच्या बसगाड्या आहेत. आता मागे चला. ऑगस्ट २०२५ ओलांडलात की डोक्यावरची मेट्रो नाही. आणखी काही दशकं मागे गेलात की कारखाने नाहीत. १८२७ च्या अलीकडे काडेपेटी आहे, पलीकडे नाही, कारण त्या वर्षी इंग्लंडात जॉन वॉकरने घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या. एकोणिसावं शतक संपूर्ण मागे पडलं की बांधावरची घाणेरीही गेली. तिला या देशात कुणी अजून आणलेलंच नाही. १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाखांना देऊन टाकलं. त्याच्याही मागे चला आणि १६४० च्या दशकात थांबा.

बंगळूर आता शहाजीराजांच्या जहागिरीत आहे. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने ते केंपेगौडांकडून विजापूरसाठी जिंकलं. बालशिवाजी आणि जिजाबाई इथे येऊन राहून गेले. पुढे राजांच्या दरबारात जयराम पिंड्ये बारा भाषांत काव्य रचणार आहे. तुम्ही मात्र दरबारापासून दूर आहात. तांबड्या मातीत कापणीला आलेली नाचणी उभी आहे, पलीकडे तळं आहे, पिंपळाचा पार आहे. दिवसभर पाऊस पडून गेला आहे. दक्षिणेकडे निघालेल्या फौजेच्या मागे राहिलेली एक बैलगाडी पाराशी टेकली आहे आणि तिचा सुतार तुटलेली आरी बसवतो आहे. हा सुतार कुठल्या बखरीत सापडणार नाही, तो कल्पनेतला आहे. त्याची हत्यारं मात्र खरी आहेत: वाकस, पटाशी, रंधा आणि सामता.

तो तुमच्याकडे बघतो. "कोण गाव, पाहुणं?" तुम्ही काहीतरी सांगता. मराठी बोलणारं माणूस भेटलं एवढं त्याला पुरतं.

अंधारायला लागलंय आणि विस्तव नाही. एरवी तो कधी अडत नाही. राखेखाली निखारा झाकून ठेवायचा, नाहीतर शेजारच्या घरातून खापरीत मागून आणायचा. तेही नसेल तर चकमक आणि गारगोटी आहेच. पण ठिणगी धरणारा जळका कापूस भिजला आहे. गारेवर पोलाद कितीही आपटलं तरी ठिणगी विझून जाते. सुतार गाडीच्या तळाशी हात घालतो आणि सामता बाहेर काढतो.

सामता म्हणजे लाकडाला भोक पाडायचं जुनं हत्यार. उभा दांडा, त्याला खाली लोखंडी टोक, दांड्याला एक वेढा दिलेली वादी आणि ती वादी ताणून धरणारी कमान. वरून दाबायला नारळाची करवंटी. कमान पुढे-मागे ओढली की दांडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरतो. आज भोक पाडायचं नाही, म्हणून लोखंडी टोकाचा दांडा बाजूला पडतो. घोंगडीखाली कोरडी राहिलेली पांगाऱ्याची एक फळी आणि त्याच लाकडाची वीतभर काठी तो निवडतो. काठी अंगठ्याएवढी जाड, सरळ. वरचं टोक निमुळतं, खालचं बोथट. वर कमी घासावं, खाली जास्त घासावं, हा त्यामागचा हिशेब. करवंटीच्या आत तो तेलाचं बोट फिरवतो, तेही त्यासाठीच.

"घ्या," म्हणतो.

डावा पाय फळीवर. डावं मनगट नडगीला घट्ट टेकवा, म्हणजे काठी डगमगणार नाही. उजव्या हाताने कमान जमिनीला समांतर धरा. पहिल्या ओढीला वादी सरकते, काठी उडून चिखलात पडते. सुतार ती पुसतो, वादी ताणतो, परत देतो. आता कमान टोकापासून टोकापर्यंत ओढा. आखूड झटके मारलेत तर दम जातो आणि लाकूड तापत नाही. हळूहळू फळीत काळसर वाटीसारखा खड्डा पडतो. धुराचा वास येतो. तुम्हाला वाटतं, झालं.

झालेलं काहीच नाही. सुतार तुम्हाला थांबवतो आणि पटाशीने खड्ड्याच्या कडेला खाच पाडतो: वरून पोळीचा आठवा हिस्सा काढावा तशी, टोक जवळजवळ मध्यापर्यंत गेलेलं. खाचेखाली सुकं पान सरकवतो. या सगळ्या खटाटोपातलं सर्वात मोलाचं काम हे आहे, आणि नवशिका नेमका इथेच घाई करतो. खाच नसेल तर घासून निघालेला भुसा खड्ड्याबाहेर पसरून जातो. खाच असेल तर तो एका जागी साठतो, मागचा पुढच्याला ऊब देतो आणि मोकळ्या बाजूने त्याला हवा मिळते. लाकडाची फळी कधीच पेटत नाही. पेटतो तो हा भुसा.

"पाहुणं, धुराकडं बघू नका. भुशाकडं बघा."

बघा. पहिला भुसा तपकिरी आणि खरखरीत आहे. दाब कमी पडतोय. करवंटीवर थोडं वजन वाढवा, कमानीचा वेग तोच ठेवा. भुसा गडद होतो. आता तो काळा, मऊ आणि किंचित गुठळीदार पडतोय. दंड भरून आलाय, श्वास फुलला आहे, आणि सुतार म्हणतो, आता जोर लावा. दोन्ही एकदम वाढवा, दाब आणि वेग. धूर दाट होतो. खाच काठोकाठ भरते.

हातातली ही चाल किती जुनी आहे? बलुचिस्तानातल्या मेहरगढला ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढांना गारेच्या टोकाने पाडलेली भोकं सापडली, आणि ती कमानीवर फिरवलेल्या टोकाची असावीत असा अभ्यासकांचा कयास आहे. तुतनखामुनच्या थडग्यात राजाच्या सोन्याबरोबर विस्तव पाडायची फळी आणि कमानही ठेवली होती. आपल्याकडे अग्निहोत्र्यांची अरणी याच कुळातली. शमीवर वाढलेल्या अश्वत्थाचं लाकूड घ्यायचं. खाली अधरारणी, तिच्यावर उभा मंथा, वरून दाबायला ओविली, मंथ्याभोवती नेत्र म्हणजे दोरी. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातलं २९ वं सूक्त या मंथनाचंच आहे. १९७५ मध्ये केरळात पांजाळला नंबुदिरींनी अग्निचयन केलं, तेव्हाही अग्नी मंथनातूनच काढला. पण तिथे ताकाच्या रवीप्रमाणे दोन्ही हात दोरीलाच लागतात, ओविली दाबायला दुसरं माणूस हवं. कमानीने दोरीची दोन्ही टोकं एकाच काठीला बांधली आणि एक हात मोकळा केला. दोघांचं काम एकट्याला जमू लागलं. मला ही कल्पना चाकाच्या तोडीची वाटते आणि तिचा पुरेसा गौरव झालेला नाही याचं वाईट वाटतं.

"थांबा."

तुम्ही थांबता. काठी अलगद उचला, झटका देऊ नका. फळीतून धूर येणं थांबतं. पानावरच्या भुशाच्या छोट्या ढिगातून मात्र तो अजून निघतोय, बारीक सरळ रेघ. म्हणजे आत निखारा धरला. आता फुंकर मारायचा मोह होईल. मारू नका. तळहाताने नुसता वारा घाला. ढिगाचं काळं अंग मधोमध फुटतं आणि आत लाल दिसतं. ते घट्ट जमू द्या. सुतार नारळाचा काथ्या चोळून मोकळा करतो, मधे कोरड्या गोवरीचा चुरा भरतो. गोवरीचा चुरा ज्वाळा देत नाही, पण निखारा हातातून जाऊ देत नाही. पान तिरपं करून निखारा त्यात सोडा, काथ्या भोवती मिटवा, तोंडापासून जरा वर धरा आणि लांब, सावकाश फुंका. पांढरा धूर पिवळट होतो, बोटांना चटका बसतो, आणि काथ्या एकदम पेट घेतो.

सुतार तो तुमच्या हातातून काढून घेतो आणि तीन दगडांत ठेवतो. कौतुक करत नाही. भाकरी कोण थापणार, एवढंच विचारतो.

आता पुढे या. या वसाहतीत आजही कुठल्यातरी शेडमध्ये ड्रिल फिरतंय. त्याला वीज लागते, वादी नाही. सामता तर बहुतेक सुतारांच्या पेटीतून गेलाच. माझ्या मते तो शाळांच्या कार्यशाळेत परत यायला हवा. घर्षणाने उष्णता निर्माण होते हे वाक्य प्रत्येक मूल पाठ करतं. त्या वाक्यातून ज्वाळा निघताना फार थोड्यांनी पाहिलेली असते.

तुम्हाला करून बघायचं असेल तर साहित्य सोपं आहे. घायपाताचा वाळलेला फुलांचा दांडा, घाणेरीची किंवा भेंडीच्या झाडाची पूर्ण सुकी काठी, मऊ लाकडाची फळी, सुतळीचा मजबूत दोर, हातभर किंचित वाकडी फांदी, करवंटी. नखाने दाबल्यावर खूण उमटेल इतकं मऊ आणि मोडल्यावर कट्कन आवाज येईल इतकं कोरडं लाकूड घ्या. पहिल्या दिवशी नुसता धूर निघाला तरी ठीक. भुशाचा रंग बघून दुसऱ्या दिवशी दाब बदला. आणि हे घराच्या अंगणातच करा, शेजारी पाण्याची भरलेली बादली ठेवून. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदीपूरच्या जंगलाला लागलेली आग अनेकांना आठवत असेल. माघ-फाल्गुनात सुक्या गवताच्या माळावर किंवा रानाच्या कडेला कमान हातात घेऊ नका.