जहाज दुरुस्त करणारे हात आणि गोदीची मालकी

अंगात कौशल्य असेल तर जात कोण विचारतो? आणि कामगार म्हणून सगळे एक झाले की जात आपोआप विरघळेल. ही दोन वाक्यं आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. पहिलं भांडवलदारांच्या तोंडचं, दुसरं डाव्या मित्रांच्या. अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात ही दोन्ही वाक्यं दीडशे वर्षांपूर्वीच खोटी ठरली. तो इतिहास आपल्या तरुणांना माहीत असायला हवा.

लाकडी जहाज चार-दोन सफरी करून आलं की फळ्यांच्या फटींमधलं भरण कुजतं आणि पाणी आत झिरपू लागतं. मग त्याला रुळांवरच्या पाळण्यात बसवून पाण्याबाहेर ओढायचं. फटींतलं जुनं भरण खरवडून काढायचं. जुने दोर पिंजून केलेला डांबरी तंतू छिन्नी-हातोड्याने फटीत ठोकून बसवायचा आणि वरून उकळतं डांबर ओतायचं. ठोकणं कमी पडलं तर जहाज गळतं, जास्त झालं तर फळी सरकते. बाल्टिमोरमध्ये या कामात काळे कारागीर निष्णात होते. त्यांच्या हातावर शेकडो माणसांचा जीव समुद्रात तरंगत होता.

याच बंदरात फ्रेडरिक डग्लस गुलाम म्हणून हे काम शिकला. १८३६ साली गोदीतल्या गोऱ्या उमेदवारांनी त्याला इतकं मारलं की डोळा जाता जाता वाचला. मारहाण उघड्यावर झाली, पाहणारे पुष्कळ होते. पण काळ्याची साक्ष चालत नव्हती आणि गोरा साक्ष देत नव्हता. खैरलांजीनंतरचा आपला समाज हे वाक्य दोनदा वाचेल. पुढे तो कुशल कारागीर झाला, आठवड्याला सहा ते नऊ डॉलर कमावू लागला, आणि ते सगळे मालकाच्या हातावर ठेवू लागला. १८३८ मध्ये तो पळून न्यू बेडफर्डला पोचला. तिथे गुलामगिरी नव्हती. एका जहाजमालकाने त्याला सफरीसाठी तयार होत असलेल्या जहाजावर घेतलंही. पण काळा माणूस या कामाला लागला तर आम्ही काम सोडू, असं गोऱ्या कारागिरांनी बजावलं. दिवसाला दोन डॉलरचं कसबी काम गेलं. एक डॉलरची हमाली राहिली.

म्हणजे मालक द्यायला तयार, माणूस कुशल, कायदा स्वतंत्र, तरी दार बंद. आणि बंद करणारा हात कामगाराचा.

मेरीलँड राज्यात १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये गुलामगिरी संपली. वर्षभरात, १८६५ मध्ये, बाल्टिमोरच्या गोऱ्या गोदी कामगारांनी संप केला. मागणी पगारवाढीची नव्हती. काळ्या कारागिरांना काढा, एवढीच होती. मालक झुकले आणि शेकडो काळे कामगार रस्त्यावर आले.

पण ते अर्ज-विनंत्या करत बसले नाहीत. आयझॅक मायर्स या कारागिराच्या पुढाकाराने लोक एकत्र आले. पाच-पाच डॉलरचे भाग विकून दहा हजार डॉलर उभे केले, उरलेलं कर्ज काढलं, आणि १८६६ मध्ये स्वतःची दुरुस्ती गोदी सुरू केली. ‘चेसापीक मरीन रेल्वे अँड ड्राय डॉक कंपनी’ हे तिचं नाव. सुमारे तीनशे काळ्या कामगारांना तिथे काम मिळालं. पुढे त्यांनी गोऱ्यांनाही कामावर घेतलं. १८६९ मध्ये काळ्या कामगारांची देशव्यापी संघटना उभी राहिली, तिचा पहिला अध्यक्ष मायर्सच होता.

१८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला, तेव्हा ही गोदी जोरात चालू होती. कायद्याने मुक्ती मिळाल्यावर पोटाची लढाई कशी लढायची, याचा धडा तिथे लिहिला जात होता.

आता मुंबईकडे या. गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. कारण काय, तर सूत तोंडाने ओढावं लागतं आणि विटाळ होतो! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे रेटला. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचं म्हणणं बाल्टिमोरच्या धक्क्यावर तंतोतंत पटतं. वेगळी संघटना काढणारे फूट पाडत नाहीत. फूट आधीच पडलेली असते, ते फक्त तिच्याकडे बोट दाखवतात.

चेसापीक गोदी १८८४ मध्ये बंद पडली. लाकडी जहाजांची जागा लोखंडी जहाजं घेत होती, आणि गोदीची जमीन भाडेपट्ट्याची होती. भाडं चढलं, पाय उखडले. अठरा वर्षं कुटुंबं जगवणाऱ्या संस्थेला आम्ही अपयश म्हणणार नाही, पण तिच्या शेवटातून दोन गोष्टी मात्र घेऊ. हातातलं कसब काळाबरोबर बदललं पाहिजे. आणि पायाखालची जमीन आपल्या नावावर पाहिजे.

आरक्षणासाठी लढायचंच आहे, खासगी क्षेत्राची दारं ठोठवायचीच आहेत. पण दार उघडेपर्यंत आपण काय उभं करतो? जयंतीच्या वर्गणीइतक्याच शिस्तीने वस्तीतल्या शंभर घरांनी छोटे भाग घेऊन एक सहकारी कार्यशाळा, एक छापखाना, एक दुरुस्ती केंद्र का काढू नये? पाच डॉलर देणाऱ्या त्या लोकांच्या राज्यात गुलामगिरी नुकतीच संपली होती. आपली सबब त्यांच्यापेक्षा मोठी नाही.

जय भीम! जय जोती!