रेव्हरंड टिळक आणि खानदेश

महाराष्ट्रात नुसते ‘टिळक’ म्हटले की लोकमान्यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु लोकमान्यांच्या जन्मानंतर अवघ्या पाच वर्षांनी, त्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, ६ डिसेंबर १८६१ रोजी आणखी एक टिळक जन्मास आले. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. पुढे ते ख्रिस्ती मंडळीचे पाळक झाले आणि लोक त्यांना रेव्हरंड टिळक म्हणू लागले. कवितेच्या वाचकांनी त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हटले. या पाळकाचे आपल्या खानदेशाशी काय नाते होते, ते आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

आम्ही विद्वानाच्या अधिकाराने बोलत नाही. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर आणि कामगारांच्या सभांत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु माणसे कशाने जमतात, कशाने टिकतात आणि कशाने पांगतात, हे पाहणे हाच आमचा धंदा असल्यामुळे टिळकांच्या चरित्रात आम्हांला विशेष गोडी वाटत आली आहे.

टिळकांचे बालपण सुखाचे नव्हते. आई लवकर गेली, घर सुटले. नाशकाकडे राहून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. कीर्तने केली, शिकवण्या केल्या, नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ‘ऋषि’ हे मासिक चालविले. १८९३ च्या सुमारास राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी या गोष्टीचा अर्थ काय होता, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. ज्या दिवशी बाप्तिस्मा झाला, त्या दिवशी आप्त, जात, पंगत, सारे तुटले. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे अहमदनगरास (आताच्या अहिल्यानगरास) आल्या, पण सोवळेओवळे सांभाळूनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळक मोठे तापट गृहस्थ होते, हे लक्ष्मीबाईंनीच ‘स्मृतिचित्रे’त मिस्किलपणे लिहून ठेवले आहे. तरीही धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. बाईंनी स्वतःच्या विचाराने आधी शिवाशिव सोडली आणि मग १९०० साली स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. आमच्या मते टिळकांच्या थोरवीची पहिली खूण ही आहे. ज्याच्यावर आपला हक्क चालतो, त्यालाही त्याच्या पावलांनी चालू द्यावे, हे बोलावयास सोपे आणि घरात आचरावयास फार अवघड असते.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या वेळच्या मराठी देवळांत पुष्कळशी गीते इंग्रजीवरून आणलेली आणि विलायती चालीवर बसविलेली असत. खेड्यातील शेतकऱ्याला, महारामांगांतून आलेल्या ख्रिस्ती माणसाला ती कितीशी आपली वाटणार? टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, भजन आणि कीर्तन घेतले आणि ख्रिस्ताची कथा टाळमृदंगाच्या साथीने उभी केली. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. आपला पूल त्यांनी पाडला नाही, मागून येणाऱ्यांसाठी तो मोकळा ठेवला. शंभराहून अधिक भजने त्यांनी रचिली, आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळी ती आजही गातात. धर्म लोकांच्या बोलीत आला म्हणजे काय घडते, हे धुळ्याला सांगावयास नको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर साध्या मराठीत प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांचे पुस्तक घरोघर गेले.

आता खानदेशाकडे वळू. त्या काळी आधुनिक मराठी कवितेचे एक मोठे ठाणे आपल्या जळगावात होते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली येथे ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक काढले व ते १९३५ पर्यंत चालले. कवी विनायक धुळ्याचे; केशवसुत काही काळ फैजपुरास शिक्षक होते. अशा या भूमीत, १९०७ साली, जळगावास महाराष्ट्रातील कवींचे संमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने ते डॉक्टर, आणि वनस्पतिशास्त्रातही त्यांचे मोठे नाव होते. त्या सभेत धरणगावचा एक सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. सभा थक्क झाली. ‘बालकवी’ ही पदवी त्याला त्याच संमेलनात मिळाली.

टिळक त्या संमेलनास आले होते. टाळ्या तर सगळ्यांनीच वाजविल्या. टिळकांनी त्या मुलाला आपले घर दिले. पुढे ठोमरे अहमदनगरास टिळकांच्या कुटुंबात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. त्यांचा लहरी, लाजाळू, चटकन रुसणारा स्वभाव त्यांनी सांभाळला आणि पुढे मोठ्या जिव्हाळ्याने लिहूनही ठेवला. या साऱ्यात एक गोष्ट विसरता कामा नये. धर्मोपदेशकाच्या घरात वर्षे काढूनही ठोमरे हिंदूच राहिले. अन्न दिले, छप्पर दिले, कवितेला धीर दिला, आणि त्याची किंमत म्हणून धर्म मागितला नाही.

उपकाराची वसुली करणारे पुष्कळ असतात. कामगारांत वावरताना आम्ही नित्य पाहतो: कोणी एकाला कामावर चिकटवून दिले की जन्मभर त्याचे मत, त्याची मान आणि त्याचे तोंड आपले झाले, असे मुकादमाला वाटते. पुढाऱ्यांनाही हा मोह सुटत नाही. टिळकांनी तो जिंकला होता.

१९१७ साली टिळकांनी आणखी एक पाऊल टाकले. मिशनचा पगार त्यांनी सोडला आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने बंधुसंघ उभारण्याचे मनात घेतले. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनशी त्यांचे वैर नव्हते. मिशनच्या ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग ते १९१२ पासून सांभाळीत होते. परंतु परक्या पैशावर उभी राहिलेली मंडळी आपल्या माणसांना आपली वाटत नाही, हे त्यांना कळले होते. पंचावन्न वर्षांच्या, संसारी माणसाने बांधलेला पगार सोडावा याचे मोल पगारावर जगणारा माणूसच जाणतो.

पुढील दिवस थोडेच होते. ५ मे १९१८ रोजी जळगाव आणि भुसावळ यांच्यामधल्या भादली स्टेशनाजवळ, रूळ ओलांडताना बालकवी आगगाडीखाली सापडले. वय अवघे सत्तावीस. पाठोपाठ वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. ज्या लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती, त्यांनी ते पुढे नेले. ‘देवाचा दरबार’ मात्र फार काळ टिकला नाही.

मग टिळकांचे कार्य फसले असे म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. संस्था मोडतात, संघटनाही मोडतात. ज्या खानदेश मिलवर जळगावची हजारो घरे चालली, ती मिल गेली आणि तिच्या भोंग्याबरोबर तिथल्या सभाही गेल्या. परंतु ज्याला कोणी किंमत न मागता जवळ केले, तो माणूस ती ऊब पुढे नेतो. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. बालकवींची कविता महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत पोचली. टिळकांची भजने कष्टकऱ्यांच्या तोंडी राहिली. या तिन्ही ठिकाणी टिळकांचा हात आहे, आणि कोणाच्याही मानगुटीवर तो नाही.

श्रोतेहो, बालकवी आपले म्हणून आपण अभिमान बाळगतो. तो अभिमान सांगताना, धरणगावच्या या मुलाला परक्या गावात घर देणाऱ्या त्या ख्रिस्ती पाळकाचे ऋणही आपण खानदेशाच्या खात्यावर मांडावे. आणि आपल्या धर्माबाहेरचे, पक्षाबाहेरचे, युनियनबाहेरचे एखादे होतकरू पोर दाराशी आले, तर त्याला आत घेताना त्याच्याकडून काहीही लिहून घेऊ नये. ते ऋण फेडावयाचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.