हिऱ्यांतील खोट

हिरा हातीं येतांच जव्हेरी तो भिंगाखालीं धरतो आणि प्रथम त्यांतील खोट शोधतो. निर्दोष हिऱ्याला मोल अधिक, हा बाजाराचा न्याय. गेल्या ऐंशीं वर्षांत शास्त्रज्ञांनीं मात्र हा न्याय पार उलटा केला.

१९४० नंतर बंगलोर येथें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना हिऱ्यांचा ध्यास लागला होता. त्यांच्या प्रयोगशाळेंत ॲना मणि या तरुण विदुषी तीसांहून अधिक हिऱ्यांची आभा तपाशीत होत्या. प्रकाश टाकला असतां कांहीं हिरे निळे चमकतात, कांहीं हिरवट-पिवळे. परंतु ही आभा इतकी मंद कीं, तिच्या वर्णपटाचें छायाचित्र घेण्यास १५ ते २० तास लागत. ही आभा येते कोठून? रामन यांच्या मतें ती भेसळीमुळें नव्हे, तर हिऱ्याच्या मूळ घडणींतूनच येते. मणि यांनीं १९४५ सालीं मद्रास विद्यापीठास प्रबंध सादर केला, पण एम्. एस्सी. नाहीं या सबबीवर त्यांना पदवी नाकारण्यांत आली. विद्येपेक्षां नियम मोठा ठरला! १९४८ पासून त्यांनीं पुण्याच्या वेधशाळेंत हवामानाच्या उपकरणांचें कार्य हातीं घेतलें.

रामन यांचें मत टिकलें नाहीं. १९५९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या कायझर व बाँड यांनीं दाखविलें कीं, बहुतेक हिऱ्यांत नत्र मिसळलेला असतो. मणि यांनीं टिपलेल्या निळ्या आभेचें मूळ पुढें सांपडलें तें तीन नत्र-अणूंच्या मधील एका रिकाम्या जागेंत.

याच कुळांतील एक दोष अधिक साधा आहे : एकच नत्र-अणु आणि त्याच्या शेजारीं कर्बाच्या अणूची एक रिकामी जागा. तेथें अडकलेल्या इलेक्ट्रॉनांना ‘स्पिन’ असतो. तो जणूं होकायंत्राची सूक्ष्म सुईच, मात्र ती ठराविक तीन स्थितींतच राहते. हिरवा प्रकाश टाकतांच हा दोष तांबडा चमकतो. एका स्थितींत अधिक, दुसऱ्या दोहोंत कमी. म्हणजे नुसत्या उजेडावरून सुईची स्थिति वाचतां येते! सेकंदास २८७ कोटि आवर्तनांच्या लहरी सोडल्या कीं ती स्थिति बदलते, आणि हिरवा प्रकाशच तिला पुनः तेजस्वी स्थितींत आणतो. दक्षिण आफ्रिकेंत लाउब्सर व व्हान वाइक यांनीं या स्पिनचा छडा १९७० नंतरच्या दशकांत लावला. १९९७ सालीं जर्मनींतील केम्निट्झ येथें व्राख्ट्रुप व त्यांचे सहकारी यांनीं तर एकट्या दोषाचा स्पिन साध्या उष्णतामानांत ओळखला. इतर बहुतेक पदार्थांतील स्पिन अशा उष्णतेंत क्षणांत विस्कटतो. हिऱ्याची जाळी अतिशय ताठ, आणि शंभरांतील जवळजवळ नव्याण्णव कर्ब-अणूंचा गाभा चुंबकत्वरहित. म्हणून येथें तो निभावतो.

आतां अशी खोट मुद्दाम घडवितात. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानें रिकाम्या जागा पाडावयाच्या, मग हिरा सुमारें ८०० अंशांवर तापवावयाचा. जागा भटकत भटकत नत्रापाशीं येऊन थांबतात. हॉलंडांतील डेल्फ्ट येथें २०१५ सालीं १२८० मीटर अंतरावरील दोन अतिशीत हिऱ्यांतील असे दोन स्पिन परस्परांशीं गुंतविण्यांत आले. मापनाचें उत्तर प्रत्येक कणापाशीं आधींच ठरलेलें असतें आणि प्रकाशाहून जलद कांहीं जात नाहीं, असें मानल्यास एक विशिष्ट बेरीज २ च्या वर जाऊं नये. २४५ प्रयत्नांअंतीं ती २.४२ आली.