रस्ता कोणाचा?

रस्त्यावरील मृत्यूला आपण 'अपघात' म्हणतो आणि दैवाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. परंतु दैवाला इतिहास नसतो. या मृत्यूला आहे. तो केव्हा सुरू झाला, कोणावर ओढवला आणि कोठे कमी झाला, हे सांगता येते.

मोटारपूर्व काळातही माणसे गाडीखाली सापडत. पण रस्ता मुख्यतः चालणाऱ्याच्या वेगाने चाले. 1869 साली आयर्लंडमध्ये मेरी वॉर्ड ही विदुषी वाफेच्या गाडीतून फेकली जाऊन त्याच गाडीच्या चाकाखाली गेली. 1896 च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पायी जाणारी बाई मोटारीच्या धडकेने मेली. पंचांनी निर्णय दिला, 'अपघाती मृत्यू'. एक गाडीतील, दुसरी गाडीबाहेरील. पुढच्या सव्वाशे वर्षांत याच दोन रांगा वाढत गेल्या.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, 1865 च्या इंग्रजी कायद्याने यंत्रगाडीच्या पुढे तांबडे निशाण घेऊन माणूस चालवण्याची सक्ती केली होती आणि वस्तीत ताशी दोन मैलांचीच मुभा होती. सावध राहण्याचा भार यंत्रावर होता. 1896 च्या अखेरीस ते बंधन गेले, आणि हळूहळू तो भार पादचाऱ्याच्या खांद्यावर आला. आपल्याकडे 1914, 1939 आणि 1988 असे मोटार कायदे झाले. तरी 'बघून चालता येत नाही का?' हा प्रश्न आजही आधी पायी चालणाऱ्यालाच विचारला जातो.

आता आपल्या सावेडीकडे पाहा. दिल्लीगेटबाहेरचे हे एक खेडे. त्याच्या अंगावरून जाणारा रस्ता राहुरी, कोल्हार, राहाता, शिर्डी, कोपरगाव करीत मनमाडला पोहोचतो. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून नगरलाच आली. पुढे शहर वेशीबाहेर पसरले. गुलमोहर रस्ता, पाइपलाइन रस्ता वसले, आणि गावांना जोडणारा रस्ता भर वस्तीतला रस्ता झाला. दूरच्या मुक्कामाची गाडी, शाळेची सायकल, भाजीची पिशवी घेतलेली आजी आणि शिर्डीकडे पायी निघालेली पालखी, सारी एकाच डांबरावर आली. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

कारण वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. गाडीतल्या माणसाभोवती निदान पत्रा असतो. 1959 साली व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला. पण तो बांधला तरच उपयोगी. 2022 साली पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ मागच्या आसनावरचे सायरस मिस्त्री पट्ट्यावाचून गेले. मोठ्या गाडीचीही ही कथा, तर सायकलस्वाराला आणि पादचाऱ्याला कसला आधार? त्याच वर्षी देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली. त्यांत शंभरांत सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवरची आणि जवळपास वीस पायी चालणारी होती.

मग उपाय काय? 1997 साली स्वीडनच्या संसदेने ठरवले की, माणूस चुकणारच. पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, असे रस्ते बांधावेत. तेथे वस्तीत वेग उतरवला, समोरासमोरच्या गाड्यांत तारेचे कठडे घातले, आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

तेव्हा सावेडीने मागावे ते फार नाही: चालायला मोकळा पदपथ, सायकलला वेगळी वाट, ओलांडायला सुरक्षित जागा आणि वस्तीत उतरलेला वेग. आणि हे मागण्याआधी आपण स्वतः वस्तीत शिरताना गाडी हळू करावी, पदपथावर ती उभी करू नये. तांबडे निशाण धरणारा माणूस कायद्याने केव्हाच घरी पाठवला. त्याचे काम मात्र उरले आहे, आणि ते आता गाडी चालवणाऱ्याने व रस्ता बांधणाऱ्याने करायचे आहे.