समाविष्ट ओळीचा ओळखक्रमांक

संबंधात्मक डेटाबेसमधील तक्त्यात नवी ओळ समाविष्ट केल्यावर प्रणालीने तिला आपोआप दिलेली प्राथमिक कळ परत मिळवण्याच्या क्रियेस समाविष्ट ओळीचा ओळखक्रमांक मिळवणे असे म्हणतात. संलग्न तक्त्यांतील नोंदींसाठी हा क्रमांक आवश्यक असतो.

उदाहरण

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी येथील जमिनीची खरेदी झाल्यास तिची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते आणि तो फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर येतो. अशा नोंदी डेटाबेसमध्ये ठेवताना तक्त्यातील सर्वांत मोठा क्रमांक शोधून तोच आपला मानणे धोक्याचे ठरते. त्याच क्षणी दुसऱ्या वापरकर्त्याने नोंद केली असल्यास त्याचा फेरफार भलत्याच सातबाऱ्याला जोडला जाऊ शकतो.

पद्धती

* पोस्टग्रेएसक्यूएल: आवृत्ती ८.२ (२००६) पासून समावेशाच्या आदेशातच 'रिटर्निंग' हे उपवाक्य वापरता येते. एकाहून अधिक ओळी असल्यास सर्वांचे क्रमांक मिळतात.
* एसक्यूलाइट: हीच सोय आवृत्ती ३.३५ (२०२१) पासून आहे.
* एसक्यूएल सर्व्हर: 'आउटपुट' हे उपवाक्य वापरतात.
* मायएसक्यूएल: 'लास्ट_इन्सर्ट_आयडी' हे फल त्याच जोडणीपुरते मर्यादित असल्याने इतरांच्या नोंदींचा त्यावर परिणाम होत नाही. मात्र एकाच आदेशाने अनेक ओळी घातल्यास ते केवळ पहिल्या ओळीचा क्रमांक देते.