अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय व प्राथमिक आरोग्यसेवेकडे पाहण्याचा विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन : एक ऐतिहासिक आकलन

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेची ओळख ‘आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय’ अशी सांगितली जाते. सेवाग्रामची संस्था १९६९ चीच असल्याने ‘पहिले’ या शब्दाविषयी वाद संभवतो. प्रस्तुत लेखाचा संबंध मात्र ‘ग्रामीण’ या शब्दाशी आहे. खेड्यांच्या सान्निध्यात शिकलेला डॉक्टर खेड्यातच रमेल, असे गृहीतक या विशेषणात दडलेले आहे. ते फलद्रूप का होत नाही, याची कारणे विद्यार्थ्यांच्या मनोवृत्तीत शोधली जातात. वास्तविक त्यांचा उगम बराच मागे आहे.

भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. त्याच अहवालात लायसेन्शिएट हा कमी मुदतीचा वैद्यकीय अभ्यासक्रम बंद करून देशात एकाच प्रकारचा पदवीधर डॉक्टर घडवावा, अशी बहुमताची शिफारस होती. तत्कालीन नोंदणीकृत डॉक्टरांत बहुसंख्य लायसेन्शिएटच होते, म्हणून काही सदस्यांनी भिन्नमत नोंदविले. समितीची पाहणी ब्रिटिश हिंदुस्थानापुरती होती. निजामी राजवटीतील बीड त्याबाहेर होते. तथापि, पुढे या निर्णयाचे परिणाम मराठवाड्यानेही भोगले. केंद्र खेड्यासाठी आणि त्यात बसणारा डॉक्टर मात्र मोठ्या रुग्णालयाच्या साच्यातला, ही विसंगती तेव्हापासूनची होय.

अंबाजोगाईचे महाविद्यालय निघाले त्याच वर्षी श्रीवास्तव समिती नेमली गेली. वैद्यकीय शिक्षण समाजाच्या गरजांपासून तुटले आहे, असा तिच्या १९७५ च्या अहवालाचा रोख होता. त्यातून १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना ग्रामीण विकास गटांशी जोडण्याची योजना आली. मात्र अध्यापनाची विभागवार रचना तशीच राहिली. शिक्षक विशेषज्ञ, परीक्षक विशेषज्ञ. मग विद्यार्थ्यापुढे आदर्श कोणाचा असणार? आंतरवासितेचे वर्षही पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीत जाते. याला केवळ स्वार्थ म्हणणे अन्यायाचे होईल.

वेगळा नमुना दूर नव्हता. बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. आल्मा-आटा परिषदेच्या (१९७८) तीन वर्षे आधी जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात या प्रकल्पाची दखल घेतली गेली. तेथे डॉक्टर हा गावाचा मार्गदर्शक होता. सेवाग्रामने १९९२ पासून पदव्युत्तर प्रवेशाची सांगड दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेशी घातली, म्हणजे खेड्यातील सेवेला विद्यार्थ्याच्या महत्त्वाकांक्षेच्या वाटेवरच स्थान दिले. शासकीय बंधपत्राने सेवा सक्तीची केली, तिची प्रतिष्ठा वाढविली नाही.

महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत आज आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी काम पाहतात, आणि २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही प्रामुख्याने तेच नेमले गेले. लायसेन्शिएटची १९४६ नंतर रिकामी झालेली जागा अशा रीतीने दुसऱ्याच परंपरेत शिकलेल्यांनी भरून काढली.