पोलादी कवचाआडचा क्षण टिपताना : ग्रनोबलच्या ईएसआरएफची वाटचाल

आल्प्सच्या कुशीत, ईसार आणि द्राक या नद्यांच्या संगमाजवळ ग्रनोबलला 844 मीटर परिघाचे एक वलय आहे. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळताना अतिशय प्रखर क्ष-किरण बाहेर टाकतात. हेच युरोपियन सिंक्रोट्रॉन, ईएसआरएफ. एका देशाला न झेपणारा हा खर्च युरोपातल्या अनेक देशांनी मिळून उचलला. 1988 साली करार झाला आणि 1994 मध्ये संशोधकांसाठी दारे उघडली.

सुरुवातीच्या वर्षांतच इथे क्ष-किरणांच्या कलाफरकातून चित्रे घेण्याचे तंत्र रुजले. साध्या क्ष-किरणचित्रात न उठणाऱ्या बारीक भेगा आणि बुडबुडे त्यामुळे स्पष्ट दिसू लागले. पुढचे आव्हान वेगाचे होते. वलयातले इलेक्ट्रॉन पुंजक्यांनी धावतात. वलयात 16 पुंजके ठेवले, तर दर 176 नॅनोसेकंदांनी क्ष-किरणांची एक अतिसूक्ष्म झळक मिळते. नमुन्यातून पार झालेले किरण एका स्फटिकावर पडतात, स्फटिक उजळतो आणि झळकांशी ताल जुळवलेला कॅमेरा तो उजेड टिपतो. धातू किंवा दगडाच्या आत धावणारी भेग अशी चित्रबद्ध होते.

2015 साली प्रसिद्ध झालेला लिथियम-आयन बॅटरीचा प्रयोग या सामर्थ्याची साक्ष देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी इथे दोन प्रकारच्या बॅटऱ्या 250 अंश सेल्सिअसच्या वर तापवल्या. आतले थर वायूने फुगत, सुटत गेले. मधोमध आधाराची नळी नसलेल्या बॅटरीचे वेटोळे ढासळले आणि झाकण उडाले. नळी असलेलीचे वेटोळे टिकून राहिले, पण आतले तांबे वितळले. म्हणजे तापमान 1,085 अंशांपलीकडे गेले होते.

एवढे यश पदरात असताना संस्थेने डिसेंबर 2018 मध्ये यंत्र थांबवून अख्खे वलय नव्याने बांधले. कोरोनाच्या सावटातही ऑगस्ट 2020 मध्ये ते संशोधकांसाठी खुले झाले, तेही सुमारे शंभरपट तेजस्वी होऊन. चालते यंत्र थांबवण्याचे हे धाडस मोलाचे आहे.

2022 मध्ये पुण्यात भर रस्त्यात विजेवरची स्कूटर पेटली होती. बॅटरीच्या पोटात काय घडते, हा आपल्याही जिवाचा प्रश्न आहे. इंदूरला आपले इंडस-2 सिंक्रोट्रॉन आहे, तिथे चित्रणाचीही सोय आहे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपले प्रश्न प्रस्तावांच्या रूपाने तिथे न्यावेत आणि विद्यार्थ्यांना हे तंत्र शिकू द्यावे.